बबडीचा शेवटचा फोटो

फोटोवालीकडे तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं यायची. कुणाला टक्कल झाकून हवं, कुणाला भांडून गेलेला भाऊ घरच्या फोटोतून काढून हवा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, फ्रिजला चिकटून तिचं टेबल. एक डोळा पडद्यावर, एक कुकरवर. लोकांच्या लहरी ती हसण्यावारी न्यायची. पण तिच्या नाकी नऊ आणले ते एकाच गिऱ्हाइकाने. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, सगळं गाव त्यांना बाई म्हणे.

बाईंना उशिरा झालेली एकुलती एक मुलगी, बबडी, सहा वर्षांची असताना नदीत वाहून गेली. सापडलीच नाही. तेव्हापासून दर वाढदिवसाला बाईंना बबडीचा नवा फोटो लागे, एका वर्षाने मोठी झालेली. काम कसलं, छळच तो! "कान तिचे नाहीत." "ती अशी हसत नसे." घास तोंडात असताना फोन. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचं काय जातं? फोटोवाली डोळ्यांत तेल घालून बसे, तरी सहा वर्षांच्या चेहऱ्यातून आठ वर्षांची पोर काही निघेना. ओढूनताणून मोठं केलेलं मूल बाहुलीसारखं दिसायचं.

मग तिने दुसरा चेहरा खाली घेतला आणि त्यावर बबडी बसवली. चेहरा घरातच होता. तिची लेक बबडीपेक्षा वर्षाने मोठी. लेकीचे नव्याने आलेले दात, गाल, हनुवटी. वर बबडीचे डोळे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कळतंय कुणाला! बाईंनी पहिल्यांदाच एकही चूक काढली नाही.

"आता कशी माझी वाटते," म्हणाल्या.

पुढे दरवर्षी तेच. बबडीचे असे हळूहळू डोळे तेवढे उरले.

यंदा फोनवर बाईंचा आवाज पार खोल गेला होता. "अगं, डॉक्टरांनी हात टेकलेत. जाण्याआधी मला तिला नीट निरोप द्यायचाय. शेवटचा एक फोटो कर. अंथरुणावर, डोळे मिटलेले. झोपलेली नको, गेलेली दिसायला हवी. मग सुटलीस तू माझ्या तावडीतून."

एवढं एक करून टाकू, असं म्हणत फोटोवाली बसली. आधी बबडीचे डोळे काढले. त्या जागी मिटलेल्या पापण्या बसवल्या. ओठांचा रंग उतरवला, गाल पांढरे केले. आणि मग तिचा हात थांबला. पडद्यावर तिची लेक मरून पडली होती.

 तिला स्वतःचीच शिसारी आली. फाइल पुसून तिने फोन लावला.

"बाई, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. यापुढे तुमचं कुठलंच काम नाही."

"असं नको गं करू. इतकी वर्षं केलंस. माझी चूक झाली असेल, खूप पिडलं मी तुला. पण मी आता कुणाकडे जाऊ?"

अख्खा वर्ग ज्यांच्या नजरेला टरकायचा, त्या बाई हुंदके देत होत्या. काहीतरी थाप मारून सुटता आलं असतं. पण ते हुंदके ऐकवेनात, आणि खरं तोंडून निघून गेलं.

"बाई, तो चेहरा माझ्या लेकीचा आहे. डोळे सोडले तर सगळा. आठव्या वर्षापासून."

पलीकडचे हुंदके थांबले.

"ती आहे? जिवंत?"

"हो, बाई."

"मग माझी कुठाय गं?"

 बाईंनी फोन ठेवला.

मागे जमिनीवर लेक वह्या पसरून बसली होती. "आई, कुणाचा फोन?"

"कुणाचा नाही. एक काम सुटलं."

एवढं बोलून ती लेकीकडे वळली आणि बघतच राहिली. लेकीने एकदा पापण्या मिटून उघडल्या, तशी ती दचकली.

"अशी काय बघतेस गं आई?" लेक म्हणाली.