सैल हँडलची सायकल

माझी सायकल कधी चोरीला गेली नाही आणि जाणारही नाही. नव्वदीच्या काळात आम्ही नवरा-बायको ती पेठच्या फाट्यावर लावून एसटीनं मंचरला बाजाराला जायचो. फाट्यावरून लोकांच्या कुलूप लावलेल्या दोन सायकली चोरीला गेल्या. कुलूप दगडानं फुटतं. माझी गेली असती तर रोजचं दूध डेअरीला डोक्यावरून न्यावं लागलं असतं. म्हणून मी पान्यानं हँडलचा बोल्ट सैल करून ठेवायचो. चोर बसला की हँडल एकीकडं, चाक दुसरीकडं आणि चोर जमिनीवर.

एकदा बाजारातून आलो आणि बोल्ट आवळायला मीच विसरलो. कॅरिअरवर बायको, तिच्या मांडीवर कांद्यांची पिशवी. पहिल्याच वळणाला आम्ही कांद्यांसकट बाभळीत.

काटे काढत ती म्हणाली, "अवो, चोर ऱ्हायला बाजूला, घरचंच माणूस पाडलं की तुमी!"

"पण युक्ती पक्की हाय का न्हाई?"

"लई पक्की. आता पाना माझ्यापाशी ऱ्हाईल."

तेव्हापासून पाना तिच्या पिशवीत. एसटीतून उतरलो की ती तो माझ्या हातात द्यायची, नंतर स्वतः हँडल हलवून बघायची आणि मगच मागं बसायची.

ती आता नाही. पाना अजून तिच्याच पिशवीत असतो. मागं कोणी बसणार नसलं, तरी बोल्ट आवळला की मी हँडल एकदा हलवून बघतो.