आजोबांचं घोरणं

माझ्या जन्माच्या थोडं आधी आजोबा वारले, तेही झोपेतच. त्यामुळे राजाजीनगरच्या आमच्या घरात मी कोण, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. वडील मला कधी नावानं हाक मारत नसत. आपल्या वडिलांना म्हणायचे तसं मलाही ‘अण्णा’ म्हणत, वर अहोजाहो करत. बाकीच्यांना त्याचं केवढं कौतुक! मला मात्र काही कळत नसे.

पुरावा होता माझं घोरणं. रविवारी दुपारी मी झोपलो की वडील पाहुण्यांना हळूच उंबरठ्याशी आणत. "ऐका, हुबेहूब!" मला जाग यायची तेव्हा सगळे हसून बघत असत. माझं तोंड कोरडं, डोकं जड. शाळेत मी बाकावरच पेंगायचो, म्हणून मास्तर कुंभकर्ण म्हणत आणि छडी देत. एकच झोप घरी लाडाची आणि शाळेत माराची कशी? मला रडूच यायचं.

एका दुपारी आई माझ्या उशाशी अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसली होती. मी धडपडून श्वास घेतला आणि जागा झालो, पण डोळे मिटूनच पडलो. ती वडिलांना म्हणत होती, "घोरता घोरता श्वास थांबतोय की हो याचा."

"अण्णांचाही थांबायचा," वडील खुशीत म्हणाले.

"हो. आणि एकदा सुरूच झाला नाही."

मी घाबरलो, आजोबांसाठी की स्वतःसाठी, कळेना.

सकाळी वडिलांनी मला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आ करायला लावला. "टॉन्सिल वाढलेत, नाकामागेही मांस वाढलंय. झोपेत हवेला वाटच नाही. काढून टाकू."

"मग घोरणं?"

"तेही जाईल की!" डॉक्टरांना वाटलं, गोड बातमी दिली. वडिलांचा चेहरा पार उतरला. तरी म्हणाले, "सरी, ठीक आहे, काढा."

ऑपरेशननंतर घशातली जखम भरून यायला बरेच दिवस लागले. मग एका रविवारी दुपारी मला तोंड मिटून गाढ झोप लागली. जागा झालो तेव्हा ऊन कललं होतं. वडील एकटेच उंबरठ्याशी कान देऊन बसले होते आणि डोळे पुसत होते. माझं काय चुकलं, ते मला समजेना.

"ऊठ बाळा," ते म्हणाले.

कुणाला हाक मारतात, ते बघायला मी मागे वळलो.