डार्लाच्या सुया

कणीक मळायला घेतली होती, तोच मागच्या दारावर धडाधड थापा. असं दार फक्त शेजारची डार्ला हुबरच वाजवते. घंटा नावाची वस्तू तिला मान्यच नाही. ती शाळेची बस चालवते. अंगात ते पिवळं जाकीट, हातात एक कार्ड.

"मिळालं गं! सवलतीचं कार्ड मिळालं! आता सुई जवळजवळ फुकटात!"

मला तिच्याइतकाच आनंद झाला. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी तिच्या पोटऱ्या अशा आखडायच्या, की ब्रेक दाबताना तिलाच धडकी भरायची. भाऊ अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयविकारानं गेलेला, म्हणजे औषध सोडायचीही सोय नाही. मग डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी टोचायची सुई दिली. ती मानवली; पण किंमत ऐकून डार्ला औषधाच्या दुकानातून रिकाम्या हातानं परत आली होती. डॉक्टरांनी दिलेल्या नमुन्याच्या सुयांपैकी आता एकच उरली होती.

मला बारीक अक्षरं वाचायची खोड. कार्डामागे लिहिलं होतं : सरकारी विमा असलेल्यांना लागू नाही. आणि इथे अमेरिकेत पासष्टी गाठली की मेडिकेअर हा सरकारी विमा सुरू होतो.

"डार्ला, गेल्या महिन्यात पासष्टची झालीस ना? मेडिकेअर सुरू झालं की तुझं."

"झालं. मग?"

"मग कार्डाच्या फॉर्मवर सरकारी विम्यापुढे 'नाही' लिहिलंस की काय?"

ती उसळलीच. "तो सरकारी कसा? एकेचाळीस वर्षं माझ्या पगारातून कापून घेतलंय त्यांनी! हुबरांच्या घरात सरकारचं फुकट कुणी खाल्लेलं नाही!"

या मुद्द्यावर इथल्या पिकल्या केसांशी वाद घालायचा नाही, हे मी ओहायोत आल्या आल्याच शिकले. मी तिच्यापुढे कॉफी ठेवली आणि कार्डावरच्या नंबरला फोन लावला. वीस मिनिटं तीच ती धून. शेवटी एक बाई बोलली. कार्ड चालणार नाही म्हणाली. पण औषध कंपनीचीच वेगळी मदत योजना आहे, ती मेडिकेअरवाल्यांनाही मिळू शकते. घरात माणसं किती?

"एक माणूस, एक मांजर," डार्ला ओरडली.

"मांजर धरता येत नाही, मॅडम."

"अहो, ते माझ्यापेक्षा जास्त खातं!"

पलीकडची बाई खुदकन हसली. उत्पन्न मर्यादेच्या आत बसलं. डार्लानं मात्र फोन माझ्या हातातून ओढला. "ही मदत सरकारची तर नाही ना?"

"नाही, कंपनीची."

"मग चालेल!"

त्याच दुपारी आम्ही कराचा कागद आणि डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म पाठवला. रविवारी शेवटची सुई टोचून झाली. मग रोज टपालाची पेटी उघडायची, नि रोज जाहिराती.

पुढच्या सुईची तारीख चार दिवसांवर आली, तेव्हा सकाळी मी कणीक मळत असतानाच पुन्हा थापा. दार उघडायच्या आत आवाज आत : "मंजूर! पूर्ण वर्ष!" तिनं मला धरून स्वयंपाकघरात अशी गिरकी घेतली, की कणकेची दहाही बोटं तिच्या पिवळ्या जाकिटावर उमटली. तिनं ती पुसलीसुद्धा नाहीत.

मग एकदम थांबली. बसची वेळ झाली होती.

"एक काम कर ना. पार्सल उद्या सकाळी येतंय. सही घेतल्याशिवाय देत नाहीत, आणि सुया लगेच फ्रिजमध्ये जायला हव्यात. मी तेव्हा बसवर. तू घेऊन ठेवशील? फक्त तुझ्या लोणच्यापासून लांब."