सोनबाचा गुण्या

मंडईमागे माझं हत्यारांचं दुकान होतं. "लाकडावर सरळ रेघ मारायला काहीतरी द्या," म्हणत कोणी आलं की मी विचारायचो, "शाळेतली पट्टी चालेल?" काहीतरी मागणाऱ्याला मी काहीही देत नसे. लांब रेघेला काव फासलेली दोरी आणि आडव्या रेघेला गुण्या, म्हणजे काटकोनात जोडलेला दांडा आणि पातं. एवढंच लागतं. पण पुण्यात ज्याला खिळा ठोकता येत नाही तोही हत्यारांवर मत देतो.

माझ्यापेक्षा तुसडा माणूस मी एकच पाहिला. खराडीचा सोनबा सुतार. तेव्हा, म्हणजे पंचाहत्तर सालाच्या सुमारास, खराडी निव्वळ खेडं होतं. आजूबाजूच्या गावांतले सुतार गुण्या घ्यायचा म्हटलं की सोनबाला पुढे करत. तो सायकलवरून यायचा, फळीवरचे सगळे गुण्ये खाली काढायला लावायचा आणि एकेक तपासायचा. सरळ कडेच्या फळीला दांडा टेकवून रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी मारायची. दोन्ही एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर सोनबा तो माझ्याकडे सरकवायचा. "पापड कापायला बरा हाय, शेठ."

त्याचा स्वतःचा गुण्या बापाचा होता, शिसवी दांड्याचा. खंडेनवमीला त्याला गंधफूल व्हायचं. तो मात्र त्यानं कधी उलटून पाहिला नव्हता. मी एकदा विचारलंच, तर म्हणाला, "बापाची परीक्षा घ्यायची व्हय?" जगातले सगळे गुण्ये चोर, फक्त याच्या घरातला साधू! अशा माणसाला काय सांगायचं?

एके दिवशी तीन गिऱ्हाइकांसमोर त्यानं माझ्या नव्या मालातले चार गुण्ये पापडांत जमा केले. निघताना पेटी उचलायला गेला आणि वर ठेवलेला त्याचाच गुण्या निसटून फरशीवर कोपऱ्यावर आपटला. आवाज चांगलाच झाला. सोनबानं उचलला, कपाळाला लावला, पेटीत टाकला आणि तो निघाला. "एकदा उलटून बघा," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या होत होत्या.

वर्षभरानं गावच्या नव्या देवळाचा दरवाजा करायचं काम सोनबाला मिळालं. काही जण शहरातला मिस्त्री आणा म्हणत होते, पण गावचे आप्पासाहेब म्हणाले, "आपला सोनबा असताना?" सागवान गावानं घरटी वर्गणी काढून आणलेलं. आयुष्यात एवढं एक काम आपल्या हातून व्हावं, ही त्याची जुनी इच्छा. दार बसवायच्या दिवशी त्यानं मला मुद्दाम बोलावलं. नारळ घेऊन मी गेलो.

दाराच्या दोन्ही फळ्या लावल्या आणि मंडळी पुढे सरकली. खाली फळ्या एकमेकींवर चढलेल्या, वर बोटभर फट. गुण्यातला सुताएवढा फरक लहान दारांत रंधा मारून खपून गेला होता. सात फुटी दारात तो लपेना. आप्पासाहेबांनी फटीत बोट घातलं.

"सोनबा, देवाला वारा यायला ठेवलीस का रं?"

लोक हसले. सोनबा हसला नाही. त्यानं उरलेली एक फळी घेतली, रेघ मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा तो गुण्या उलटा करून दुसरी मारली. दोन्ही रेघा एका बिंदूतून निघून फाकत गेल्या.

"गुण्या वाकडा हाय," तो म्हणाला. "मी बघितला न्हाई. चूक माझी."

आप्पासाहेबांनी नवा दरवाजा शहरातल्या मिस्त्रीला द्यायचं तिथंच ठरवलं. सोनबानं वाद घातला नाही. तो माझ्याजवळ आला.

"शेठ, ह्यो तुमच्या दुकानात कधी पडला व्हता का वो? मला काय आठवंना. कवापासनं वाकडा हाय त्ये कळलं, तर तवापासनंची दारं तरी नीट करून देतो."

सगळे माझ्याकडे बघत होते. पाच पिढ्यांच्या पुणेरी फटकळपणाचा वारस मी, कोणाचीही भीड न ठेवणारा.

"माझ्या दुकानात?" मी म्हणालो. "छे!"

आणि प्रसादालाही न थांबता मी बस गाठली.

पुढचं गिऱ्हाइकांकडून कळत गेलं. सोनबानं नवी कामं बंद केली होती. सायकलला पेटी बांधून तो गावोगाव फिरत होता, त्यानं केलेली पंचवीस वर्षांची दारं एकेक करून तपासत होता. तपासायची होती ती फक्त शेवटच्या एका वर्षाची.