शेजारच्या खुर्चीतल्या कंडक्टर बाई

सोलापुरात त्वचेच्या दवाखान्यात मी मुरुमांवर निळ्या प्रकाशाचे उपचार घेत होते, तेव्हा शेजारच्या खुर्चीत एक एसटी कंडक्टर बाई असायच्या. टेंभुर्णीच्या गाडीवरची ड्यूटी संपवून त्या खाकी कपड्यांतच यायच्या. डोळ्यांवर काळा चष्मा चढला की त्यांचा आवाजही चढायचा. आपल्याला दिसत नाही म्हणजे लोकांना ऐकूही येत नसेल, अशी त्यांची समजूत असावी. "चाळिशीत मुरमं आली बघ. म्हंजे मी अजून तरणीच हाय की!" असं म्हणून त्या स्वतःच खदखदून हसायच्या. मी मात्र कॉलेजात वर्गातसुद्धा ओढणी तोंडावरून काढत नव्हते.

एकदा आई सोबत आली. तिने नर्सला हळूच विचारलं, "ह्यानं हिचा रंग पण उजळेल का हो? हिला बघायला पाहुणे येणारेत."

नर्स काही बोलायच्या आतच कंडक्टर बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "ताई, हितं मुरमांवर इलाज करत्यात. पोरीच्या रंगाला काय रोग झालाय?"

आई माझ्याकडे बघत राहिली. तिचा आणि माझा रंग एकच आहे.

"मुरुमांचंच बघा," ती शेवटी नर्सला म्हणाली.

"आता कसं!" म्हणत बाई निवांत मागे टेकल्या.

मुरूम पुढे हळूहळू कमी झाले, डाग थोडे राहिले. पाहुणे आले त्या दिवशी आईने पावडरचा डबा कपाटातून काढलाच नाही.