आजाच्या नाडीचा पट्टा

भाविकाला यंत्रांचा भारी सोस. नर्सिंगच्या वर्गात मॅडमनी एकदा विचारलं, पेशंटच्या देखभालीत मोबाईल, ॲप वगैरे वापरायला कोण तयार आहे? बाकीच्या पोरी एकमेकींकडे बघत बसल्या. हिचा हात प्रश्न संपायच्या आत वर.

आईबाप लहानपणीच गेलेले; पोशीरच्या आजा-आजीनंच तिला वाढवलं. चांगोआजाचं हृदय अशक्त झाल्यापासून ती दर रविवारी कर्जतहून यायची आणि त्याचं मनगट धरून नाडी मोजायची. म्हातारा मोठा बिलंदर. मुद्दाम बोलत राहायचा, म्हणजे मोजणी चुकायची आणि पोरीला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागायचं.

मग तिनं नाडी मोजणारा पट्टा आणून त्याच्या हाताला बांधला. आकडा घरातल्या फोनवरून थेट तिच्या फोनवर यायचा. वर्गात ती तो कौतुकानं दाखवायची. परीक्षा तोंडावर आली, तशा रविवारच्या फेऱ्या सुटल्या. आकडा रोज चांगला येत होता, मग जायचं कशाला?

गणपती झाल्यावर एका सकाळी शेजारच्या धनेशकाकाचा फोन आला. आजा गेला. भाविकानं ॲप उघडलं, तर नाडी चालू होती. काकाचीच काहीतरी चूक झाली असणार, या आशेवर ती कर्जतहून गाडीनं नेरळला उतरून रिक्षात बसली आणि घर येईपर्यंत त्या आकड्यावरून नजर हलवली नाही.

अंगणात माणसं जमली होती. आजाला चटईवर निजवलं होतं आणि पट्टा अंबूआजीच्या मनगटावर होता.

"आजे, ह्यो तुझ्या हातात कसा?"

"त्यानं कवाच काढून टाकला. म्हनला, हे बांधल्यापासून पोर येत नाय." आजीनं डोळ्यांना पदर लावला. "दम लागायचा, तरी तुला सांगू देत नव्हता. आकडा आला नाय तर तुला घोर लागंल, अभ्यास बुडंल, म्हनून मीच घातला गं."

इतके दिवस भाविका आजीची नाडी बघून आजाबद्दल निर्धास्त होती.

तेराव्यानंतर कर्जतला निघताना ती आजीच्या हातातला पट्टा सोडायला लागली. आजीनं हात मागे घेतला.

"ऱ्हाऊ दे गं. तू येनार नाय तवा माजी तरी बघशील."

भाविकानं पट्टा काढून घेतला, पिशवी खाली ठेवली आणि आजीचं मनगट धरून नाडी मोजायला बसली. आजी गप्प होती, तरी मोजणी चुकत राहिली.