गळकी जीप आणि सुमनचे सासरे

रागाच्या भरात माणसानं जीपखाली शिरू नये. वर उठताना डोकं आपटतं आणि राग दुप्पट होतो. मी त्या एका आठवड्यात अकरा वेळा शिरलो!

साठ-बासष्टची गोष्ट. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात मी लष्कराच्या भंगारातली जीप आणली होती. बाबांना ती बघवत नसे. त्यांनी चाळीस वर्षं दमणी हाकलेली (दमणी म्हणजे आमची पाहुण्यांसाठीची हलकी बैलगाडी). जीपजवळून जाताना ते तोंड फिरवत. आणि मी शहाण्यानं काय करावं? धाकट्या बहिणीला, सुमनला, पसंत करून गेलेल्या अकोल्याच्या पाहुण्यांना पत्र धाडलं : 'रविवारी सुपारीला याल तेव्हा आमची मोटर स्टेशनवर हजर असेल!'

सोमवारी सकाळी मागच्या चाकाखाली तेलाचं थारोळं.

“हे काय होय?” बाबांनी विचारलं.

“गिअर ऑइल गळते. थांबवतो मी.”

“थांबव. नाही तं रविवारी दमणी जाईन. गळकी गाडी पावण्यायले न्याची नाही!”

दमणी! आणि पत्रात मोटर! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. जीप विकणाऱ्याला शिव्या घालत मी मूर्तिजापूरला करीम मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्री शांतपणे म्हणाला, “पयले समदं पुसून घ्या. वरून राख भुरभुरा. राख जिथं ओली होईन तिथून गळते. अन् मागच्या आसाच्या डब्याचं बूच खोलून बोट घाला. तेल बोटाले लागलं तं भरेल आहे समजा.”

राख भुरभुरली, बोट घातलं. तेल काठोकाठ! रोज गळणारं तेल काठोकाठ कसं? खोटं बोलतंय बोट! मी तेलाचा कॅन घेऊन ओतायला बसलो. ओतलेलं सगळं बुचाच्या भोकातून परत बाहेर! मग मी जीपचं बुचाकडचं अंग जॅकवर उचललं आणि ओतलं, ओतलं, बूच आवळलं. (माझ्याशी हुज्जत घालते म्हणजे काय!)

पण दुसऱ्या दिवशीही थारोळं. तिसऱ्या दिवशीही. शनिवारी मी मिस्त्रीला घरीच ओढून आणला. तो चाकामागं वाकला. राख वरच्या बाजूनं ओली होती.

“साब, तेल वरून खाली आलं आहे.” त्यानं बोट नाकाशी नेलं. “हे गिअर ऑइल नाही. हे एरंडीचं तेल होय. पोट साफ कराचं.”

“माझ्या जीपचं पोट कोण साफ करून राहिलं?” मी ओरडलो.

“म्या!” मागून आवाज आला. बाबा उभे, हातात दमणीचं वंगणाचं नळकांडं. “कावून बोंबलतं? रोज पहाटे चाकाले तेल देऊन राहिलो. गाडी आणली, पण चाक कोरडं! तुले अक्कल नाही, त्यात त्या चाकाचा काय गुन्हा?”

“बाबा, याले आतून तेल असते!”

“आतून असते तं आठवडाभर बाहेर काय शोधत होता?”

मी आणखीच ओरडलो. पण गळती नाही हे तर ठरलं! रविवारी मी फेटा बांधून स्टेशनवर हजर. सुमनचे सासरे ऐटीत शेजारी बसले. रस्ताभर मी मोटरीचं कौतुक ऐकवलं. आमच्या फाटकातून आत वळलो, ब्रेक दाबला... आणि जीप अंगण ओलांडून, सुपारीसाठी जमलेली मंडळी पांगवून, थेट कडब्याच्या गंजीत!

सासरे कडब्यातून बाहेर आले तेव्हा त्यांचा फेटा गंजीतच राहिला होता. सुपारीला आलेल्या मिस्त्रीवर मी तुटून पडलो. त्यानं मागचं चाक उतरवलं. आतून तेलाची धार लागली. त्यानं बोट बुडवलं, वास घेतला.

“साब, हे मात्र असली गिअर ऑइल. कोनं तरी येवढं भरलं, का चाकाजवळच्या सीलमधून निघून मागचे दोनी ब्रेक तेलानं न्हाले. डब्यात कोनं ओतलं?”

अख्खं अंगण माझ्याकडे बघू लागलं. सुमन पदरात तोंड लपवून रडत होती. मोडलंच आता, असं तिला वाटलं असणार. मी हळूच जीपच्या आड सरकलो.

सासऱ्यांनी अंगावरचा कडबा झटकला. “पोरगी पसंत आहे,” ते म्हणाले. “एकच अट. नवरी दमणीतून पाठवा. अन् हाकाले तुमचा हा पोरगा नको!”

पाठवणीला दमणी बाबांनी हाकली. मला मागं बसवलं, हातात एरंडीचं नळकांडं देऊन. आणि बजावलं, “मी सांगन तेवढंच ओतजो!”